खोक्यावरच्या बाई

माझ्या घरमालकीणबाई जन्मात एकदाच जपानला गेल्या होत्या, तेही पंधरवड्यापुरत्या. मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा त्यांना परत येऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या पुरत्या परत आल्या आहेत असं मला कधी वाटलं नाही. शिक्षकांच्या एका शिष्टमंडळात त्यांची वर्णी लागली, कारण ज्या गुरुजींचं नाव आधी ठरलं होतं त्यांनी विमानाची धास्ती घेतली. हे बाई स्वतःच सांगत आणि त्या गुरुजींचे आभार मानत. तिथल्या एका आडगावात त्यांची राहण्याची सोय एका घरी झाली. त्या घरची बाई निघाली गावची नगरसेविका, आणि तिथंच घात झाला. बरोबरीचे गुरुजी कॅमेरे, टेपरेकॉर्डर, घड्याळं घेऊन आले. बाई एक खूळ घेऊन आल्या, आणि ते विमानतळावर कुणी अडवलं नाही.

नव्वद सालानंतर लवकरच मी सांगलीहून बदली होऊन त्या गावात आले. गाव तालुक्याचं, सातारा आणि सांगलीच्या मधलं. नाव सांगत नाही, कारण तिथल्या काही मंडळींची स्मरणशक्ती अजून शाबूत आहे. मी बँकेत कारकून, त्यात एकटी मुलगी. चार घरांनी 'भाऊ बरोबर राहणार का' असं विचारून दार लावलं होतं. बाईंनी विचारलं, "जपानच्या राजकारणातल्या एखाद्या बाईचं नाव सांग." मला येईना. "छान," त्या म्हणाल्या, "म्हणजे चुकीचं काही पुसायला नको." आणि वरची खोली मला मिळाली. भाड्यात काय काय समाविष्ट आहे ते मला हळूहळू कळत गेलं.

बाहेरच्या खोलीत, जिथं इतरांकडे सासऱ्यांचा हार घातलेला फोटो असतो, तिथं बाईंनी वर्तमानपत्रांतून आणि मासिकांतून कापलेल्या जपानी बायका चौकटीत बसवल्या होत्या. एक तिथल्या मोठ्या पक्षाची अध्यक्ष. एक जगभरच्या निर्वासितांची जबाबदारी अंगावर घेतलेली. एक बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून तरुणपणी भांडलेली आणि केस पांढरे झाल्यावरही निवडून येत राहिलेली. नावं बाईंना तोंडपाठ होती. मला ती आजही धड उच्चारता येत नाहीत, म्हणून इथं लिहीत नाही. विजेचं मीटर बघायला येणारा माणूस एकदा त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला.

"बाई, ह्या समद्या तुमच्या भयनी व्हय?"

"हो. थोरल्या."

त्यानं चपला काढून नमस्कार केला आणि मगच मीटर बघितलं. बाईंनी त्याची समजूत दुरुस्त केली नाही. त्यांचं म्हणणं, सबंध गावात जपानी बाईला नमस्कार करणारा हा पहिला पुरुष, त्याला कशाला नाउमेद करायचं.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. बघायला आलेल्या मुलाला त्यांनीच प्रश्न विचारले आणि तो नापास झाला, असं त्या सांगत. कन्याशाळेत त्यांनी सगळी नोकरी भूगोल शिकवला. त्यांच्या वर्गातल्या मुलींना कोयनेचं धरण नकाशात दाखवता आलं नाही तरी चालायचं, जपानची चार मोठी बेटं मात्र आलीच पाहिजेत. कोयनेकडचा भूकंपाचा धक्का आमच्याकडे अधूनमधून पोचायचा. सगळी आळी रस्त्यावर धावायची आणि बाई मला हाताला धरून जेवणाच्या टेबलाखाली ओढायच्या, कारण जपानमध्ये तशी रीत आहे. टेबल इतकं डुगडुगतं होतं की भूकंपापेक्षा मला त्याचीच भीती वाटायची. खाली बसून बाई तिथल्या बांधकामाच्या नियमांबद्दल बोलत राहायच्या. धक्का केव्हाच थांबलेला असे, विषय थांबत नसे.

एकदा मी धीर करून विचारलं, "जपानच्या संसदेत बायका आहेत तरी किती?"

"बोटावर मोजण्याइतक्या."

"मग आपल्याकडे काय वाईट आहे? आपल्याकडे तर पंतप्रधान होऊन गेल्या."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "आपण एकीला देवी केलं आणि बाकीच्यांना स्वयंपाकघरात पाठवलं. तिकडे देवी कुणीच नाही. नुसत्या उभ्या राहतात, पडतात, परत उभ्या राहतात."

त्यांच्या यजमानीण नगरसेविकेची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की ती बाई आमच्याच आळीत राहते असं मला वाटायला लागलं. ती गावच्या सभागृहात पहिल्यांदा गेली तेव्हा एकटीच बाई होती. बसल्या बसल्या कुणीतरी तिच्यापुढे चहाची किटली सरकवली. तिनं किटली उचलली, स्वतःच्या कपात चहा ओतला, किटली खाली ठेवली आणि विषयपत्रिकेवरचा पहिला प्रश्न विचारला. ही गोष्ट सांगताना बाई दर वेळी समोरची किटली खरोखर उचलायच्या आणि फक्त आपला कप भरायच्या. त्यामुळे त्यांच्याकडे चहाला गेलेल्या माणसाला चहा मिळेलच अशी खात्री नसायची.

जपानच्या लोकसभेच्या अध्यक्षपदी एक बाई निवडून आल्याची बातमी आली, त्या दिवशी बाईंनी आळीत पेढे वाटले. पितळेचं ताट, वर क्रोशाचा रुमाल, अगदी रीतसर. समोरच्या काकूंनी पेढा हातात घेऊन विचारलं, "कुणाचं जमलं?"

"जपानच्या अध्यक्षबाईंचं."

"तुमच्या नात्यातल्या?"

"तसं नाही."

"मग तुमचं काय काम अडलं होतं त्यांच्याकडे?" काकूंनी अगदी सरळ मनानं विचारलं. बाईंनी त्यांना दुसरा पेढा दिला. आळीत त्यानंतर बरेच दिवस बाईंना जपानहून पेन्शन येते अशी बोलवा होती.

हे सगळं असंच चाललं असतं आणि बाई एक निरुपद्रवी करमणूक म्हणून गावाच्या स्मरणात राहिल्या असत्या. पण त्यांना पाण्याची एक सवय होती. घरी कुणीही आलं की आधी पाण्याचा तांब्या पुढे यायचा. वडूजकडच्या एका खेड्यातून कॉलेजला येणारी एक मुलगी त्यांच्याकडे नकाशे शिकायला यायची. भर एप्रिलात, बसमधून उतरून चालत आलेली, ओठ सुकलेले, तरी तिनं कधी पाणी घेतलं नाही. बाईंना वाटलं, पोरीचा काही उपास आहे. एक दिवस विचारलंच.

"न्हाई बाई, उपास कसला," ती म्हणाली. "पानी पिलं की मग जायचं कुटं? सकाळी घरातनं निगाल्यापास्नं आमी कुनीच पीत न्हाई."

बाई त्या दिवशी नकाशा शिकवू शकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाऊन पाहिलं. एसटी स्टँडसमोर, बाजाराच्या कोपऱ्यावर, नगरपालिकेनं बायकांसाठी मुतारी बांधलेली होती. भिंतींना गुलाबी रंग, दारावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र आणि चित्राच्या बरोबर मधोमध कुलूप. शेजारी बांगड्यांचं दुकान मांडणाऱ्या शमाबीनं सांगितलं, "ते कवाच उघडं नसतंय बाई. आत आबांच्या सिमिटाच्या पिशव्या हायत." आबा म्हणजे गावचे ठेकेदार. मुतारी त्यांनीच बांधली होती, आणि आपण बांधलेल्या वास्तूत आपलं सिमेंट ठेवू नये तर काय करावं, असा त्यांचा बिनतोड मुद्दा असावा. शमाबी स्वतः दुपारी दुकान झाकून घरापर्यंत चालत जायची आणि यायची. तेवढ्यात गेलेलं गिऱ्हाईक परत येत नसे.

पुढल्या निवडणुकीत आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. आबांनी आपल्या पत्नीला उभं केलं. गाव त्यांना वहिनीसाहेब म्हणायचं. फलकावर आबा हात जोडून पुरुषभर उंच उभे, आणि वहिनीसाहेब खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. उमेदवार कोण हे ओळखायला जवळ जावं लागायचं. आणि बाईंनी अपक्ष म्हणून अर्ज भरला.

आमच्याकडे निवडणूक म्हणजे जीपगाड्या, कर्णे आणि रात्रीचा रस्सा. बाईंनी जपानची पद्धत काढली. तिथं म्हणे उमेदवार सकाळी स्टेशनाबाहेर एका खोक्यावर उभा राहतो आणि कामाला जाणाऱ्यांपुढे बोलतो. कुणी थांबत नाही, तरी रोज. हातात पांढरे हातमोजे, कारण हात स्वच्छ आहेत हे लांबून दिसलं पाहिजे. आमच्याकडे स्टेशन नव्हतं म्हणून एसटी स्टँड आलं. टोमॅटोचं खोकं मंडईतून आलं. हातमोजे बँडवाल्याकडून आले, कारण आमच्या गावात पांढरे हातमोजे फक्त त्याच्याकडेच असत.

बँकेत जाताना माझी वाट स्टँडवरूनच होती, त्यामुळे हा सोहळा मी रोज पाहिला. नऊवारी नेसलेल्या बायका, दुधाच्या किटल्या, धुरळा, आणि त्यात खोक्यावर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीतल्या आमच्या बाई, हातमोजे घालून कमरेत वाकताहेत. "नमस्कार. मी कन्याशाळेत भूगोल शिकवत होते. समोर दिसते ती बायकांची मुतारी आहे. ती बंद आहे." गावातल्या सभ्य लोकांना मुतारी बंद असल्याची लाज वाटत नव्हती, तो शब्द चौकात ऐकण्याची मात्र वाटायची. मोठमोठी माणसं तो कानावर पडू नये म्हणून रस्ता बदलून जायला लागली. आबांच्या माणसांनी त्याला 'तो विषय' असं सोवळं नाव दिलं.

प्रवाशांना यातलं काही माहीत नव्हतं. हातमोजे बघून पहिल्या आठवड्यात दोघांनी लग्नाच्या तारखा विचारल्या. मग लोकांच्या लक्षात आलं की ही बाई रोज याच जागी असते आणि खरं बोलते. चौकशीच्या खिडकीवर या दोन्ही गोष्टी एकत्र सापडत नसत.

"आवं बाई, इस्लामपूर गाडी गेली का?"

"आत्ताच गेली. पुढची अर्ध्या तासानं. तोवर थांबणार असाल तर समोर बघा, ती बायकांची मुतारी आहे—"

"वडूजची कवा हाय?"

बाई सगळ्यांना गाड्या सांगायच्या, प्रत्येकाला वाकून. मी म्हटलं, "तुम्ही उमेदवार आहात, कंट्रोलर नाही." त्या म्हणाल्या, "लोकांना काय हवंय ते आधी ऐकायचं असतं. त्यांना गाडी हवी आहे." मला हे तेव्हा खुळचटपणाचं वाटलं, आणि मतमोजणीत गावालाही तसंच वाटल्याचं सिद्ध झालं. वहिनीसाहेब दणदणीत निवडून आल्या. विजयाच्या जीपवर आबा गुलालात न्हाऊन उभे होते. वहिनीसाहेब घरी पुरणाच्या तयारीत होत्या, असं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा खोक्यावर उभ्या होत्या. पडलेल्या उमेदवारानं लोकांचे आभार मानायला त्याच जागी जायचं असतं, अशी त्यांच्या यजमानीणबाईंची रीत होती. गावाला वाटलं, पराभव डोक्यात गेला. आबा मिरवणुकीच्या शिणातून उठून स्वतः आले.

"बाई, विलेक्शन झालं. आता उतरा खाली."

"मी मतं मागत नाही. आभार मानते आहे."

"कुनाचं? तुमच्या पेटीत हुतं तरी कोन?"

"ज्यांनी गाडीची वेळ विचारली त्यांचे," बाई म्हणाल्या आणि आबांनाही वाकून नमस्कार केला. आबांना काय करावं कळेना. भांडणारी माणसं त्यांना हाताळता यायची. वाकणारं माणूस त्यांनी फक्त स्वतःच्या पायाशी पाहिलं होतं. ते गेले, आणि बाई त्यानंतर रोज तिथं उभ्या राहू लागल्या. पाऊस, ऊन, बाजार, काही असो. मी चिडायचे. लोक हसायचे ते मला सहन व्हायचं नाही, हे खरं कारण होतं. तोंडानं मी मात्र त्यांच्या गुडघ्यांची काळजी पुढे करायचे.

असं वर्षभर चाललं, आणि एका बाजारच्या दिवशी घोटाळा झाला. खेड्यातल्या बायका रोज ऐकून ऐकून एका निष्कर्षाला पोचल्या होत्या. ही बाई रोज मुतारीसमोर उभी असते, मुतारीबद्दलच बोलते, हातात सरकारी दिसणारे हातमोजे आहेत, आणि कुणी काही विचारलं की उत्तर देते. त्या अर्थी मुतारीची साहेबीण हीच, आणि किल्लीही हिच्याकडेच. मग देत का नाही?

त्या दिवशी एक म्हातारी सुनेचा हात धरून आली. सून दिवसांत होती, चेहरा घामानं डबडबलेला. म्हातारीनं बाईंच्या खोक्याला काठी ठोकली.

"रोज हितं हुबं ऱ्हाऊन भाषान करताय, आनि किल्ली कमरंला लावून ठेवलीया व्हय? पोरीची अवस्था बगा की जरा. सरकारी पगार कशाचा खाता?"

चारचौघी लगेच तिच्या बाजूनं बोलायला लागल्या. बघता बघता विसेक बायका जमल्या आणि सगळ्या मिळून बाईंना फैलावर घेऊ लागल्या. शमाबी दुकान सोडून धावत आली. "आगं, ह्या न्हाईत, ह्या बाई तर—" पण तिचं ऐकतंय कोण? मी पुढे झाले. आता बाई सांगतील की बायांनो, तुमच्यासाठीच तर मी वर्षभर तोंड फाडते आहे, अशी माझी खात्री होती.

बाई खोक्यावरून उतरल्या. त्या म्हातारीपुढे इतक्या खाली वाकल्या की पदर धुळीला टेकला.

"चूक झाली," त्या म्हणाल्या. "फार उशीर केला मी. चला, किल्ली आणून देते."

आणि निघाल्या आबांच्या घराकडे. मागे त्या बायका, अजून शिव्या घालतच. गावानं असा मोर्चा कधी पाहिला नव्हता, ज्यात मागचे लोक पुढारी पळून जाऊ नये म्हणून पाठलाग करताहेत. आबा साताऱ्याला गेले होते. दार वहिनीसाहेबांनी उघडलं, हाताला पीठ. बाईंनी त्यांनाही वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "नगरसेविकाबाई, मुतारीची किल्ली हवी आहे."

त्या शब्दानं हाक मारल्यावर वहिनीसाहेबांनी आधी मागे वळून पाहिलं. तो आपल्याला लागू आहे हे त्यांना तोवर कुणी सांगितलं नसावं.

"किल्ली हाय खुंटीला," त्या चाचरत म्हणाल्या. "पर ह्यांना इचारल्याबिगर..."

"कवा यायचं तुझं मालक?" म्हातारीनं विचारलं.

"सांजच्याला."

"आगं पोरी, हिला आत्ता लागलीया. हिनं सांजपतूर धरून ठेवायची, तुझ्या मालकाला इचारायसाटनं?"

वहिनीसाहेबांनी त्या सुनेकडे पाहिलं. मग "आत ये बाई," म्हणून तिला हाताला धरून घरात मोरीकडे नेलं. परत आल्या तेव्हा हाताचं पीठ पुसलेलं होतं आणि हातात किल्ली होती. ती बाईंना द्यायला त्यांनी हात पुढे केला. बाईंनी हातमोजे घातलेले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"माझा काय अधिकार?" त्या म्हणाल्या.

वहिनीसाहेबांनी चपला पायात सरकवल्या.

कुलूप गंजलं होतं, तरी उघडलं. आत सिमेंटच्या पिशव्या ओलीनं दगड झालेल्या. बायकांनी पदर खोचले आणि पिशव्या बाहेर ओढून भररस्त्यात रचल्या. मीही ओढल्या. बँकेत त्या दिवशी मी सिमेंटच्या धुळीनं केस पांढरे झालेल्या अवस्थेत पोचले. शमाबीनं घागरभर पाणी आणून फरशी धुतली. मग वहिनीसाहेबांनी आतला नळ सोडला. नळानं सूं सूं केलं आणि तो गप्प झाला. पाइप भिंतीतच संपलेला होता.

सगळ्या बायका पुन्हा बाईंकडे वळल्या. म्हातारीची काठी वर झाली.

"आता पान्याचं काय वो साहेब?"

बाई वाकायला लागल्या होत्या, तेवढ्यात वहिनीसाहेब मधे आल्या. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला.

"त्यांना काय इचारता? मला इचारा," त्या म्हणाल्या. मागच्यांनाही ऐकू गेलं. "नगरसेविका मी हाय. पानी मी आनती. तवर माझ्या घरची मोरी उघडी हाय."

म्हातारीनं आधी त्यांच्याकडे आणि मग पांढऱ्या हातमोज्यांकडे पाहिलं.

"मग ह्या कोन?"

"ह्या माझ्यासमोर पडल्या हुत्या," वहिनीसाहेब म्हणाल्या.

बायका हसल्या. बाईंनी हातमोजे काढले, वहिनीसाहेबांपुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "आज निकाल पटला."

घरी येईपर्यंत त्यांनी जपानचं नाव काढलं नाही. चहा केला, किटली उचलली आणि आधी माझा कप भरला.